करवंदीच्या मुळीचा पाईप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरात बायकोलाही नाही. प्रदर्शनात गणूतात्यांचा पाईप तडकला तो माझ्यामुळे. आमच्या मांडवीतल्या जुन्या माणसांना तो दिवस आठवतो. तात्यांचा हात चुकला असंच सगळे समजतात. तात्याही तसंच समजून गेले.

तात्या आमचे शेजारी. उमेदीची वर्षं गलबतावर आणि मग आगबोटीवर गेलेली. दोरखंडात सापडून उजव्या हाताची दोन बोटं तुटली तेव्हा कायमचे घरी आले. बोटीवर एका गोऱ्या खलाशाला त्यांनी पाईप कोरताना पाहिलं होतं. तेवढ्या पाहण्यावर ते ओटीवर बसून पाईप करू लागले. हत्यारं म्हणाल तर एक गिरमिट, एक पटाशी, कानस आणि फुटक्या कंदिलाची काच. घासायला मुशी माशाचं वाळवलेलं खरखरीत कातडं, कोळणीकडून मागून आणलेलं. हाताची पकड अपुरी पडे म्हणून काम दोन्ही पायांच्या तळव्यांत धरायचे.

स्वतः तंबाखूला शिवत नसत. पाईप झाला की रिकामाच ओठांत धरायचा, डोळे मिटून दम ओढायचा आणि वारा सरळ येतो का ते पाहायचं. जाणारायेणारा कोणी हसला की म्हणत, "हस, हस. हलवाई काय सगळे पेढे खाऊन बघतो?"

लाकूड करवंदीच्या मुळीचं. सड्यावर कातळाच्या फटीत वाढलेली गाठ शोधून आणायचे. सुरुवात नेहमी आतल्या भोकापासून. बाहेरचा आकार आधी का नाही, असं मी एकदा विचारलं. "आधी वाऱ्याची वाट," ते म्हणाले. "ती वाकडी गेली तर वरच्या नक्षीला काय आरती ओवाळायचीय?"

पण त्याच्याही आधी ती मुळी भाताच्या कोंड्यात पुरून ठेवायची. एक सबंध पावसाळा आणि त्यावर एक उन्हाळा. ह्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. "आतलं पाणी आपल्या पायानं बाहेर आलं पाहिजे. हाकललंत तर जाताना भिंत फोडून जातं."

तेव्हा गावात स्वदेशीचं वारं होतं. शाळेत देशी वस्तूंचं प्रदर्शन भरायचं ठरलं. मी तिशीतला, कचेरीत कारकून आणि प्रदर्शनाच्या मंडळात. गावातले एक वकील स्वदेशीवर भाषणं करत आणि भाषण संपलं की विलायती पाईप पेटवत. मी त्यांना चारचौघांत म्हणून बसलो, "आमच्या तात्यांचा ओढून बघा, हा टाकून द्याल."

"तो टिकला तर हा टाकीन. प्रदर्शनातच पेटवू," वकील म्हणाले.

तात्यांना सांगितलं तर त्यांनी कोंड्यातली मुळी काढून नखानं वाजवली. "अजून जड आहे. मी मुरुडला लेकीकडे जाऊन येतो, यमूचं बाळंतपण आहे. आल्यावर वाळलेली नसली तर यंदा नाही. वकिलाला म्हणावं, पुढल्या साली पेटव."

पुढलं साल मला नको होतं. तात्यांचं नाव व्हावं हे खरं, पण ते मी केलं असंही लोकांनी म्हणावं, हेही तितकंच खरं. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे होती. मी मुळी काढली आणि आमच्या न्हाणीतल्या चुलाणावरच्या फळीवर, लाकडांच्या मागे ठेवली. ते चुलाण रोज मीच पेटवत असे. तात्या येण्याआधी मुळी परत कोंड्यात गेली.

आल्यावर त्यांनी ती तळहातावर जोखली. "वाळली की. मी तिकडं नातू खेळवत होतो आणि हिनं इथं आपलं काम उरकलंन."

मी गिरमिट त्यांच्यापुढे सरकवलं.

तसा पाईप त्यांनी पुन्हा केला नाही. लाकडाच्या रेषा तंबाखू भरायच्या वाटीभोवती पाण्यासारख्या फिरलेल्या. प्रदर्शनात त्यापुढे गर्दी झाली. वकिलांनी तंबाखू भरली, पेटवली, झुरके घेतले, "वा" म्हणाले. आणि वाटी काठापासून खाली तडकली. निखारा त्यांच्या धोतरावर पडला.

"तात्या, गलबत असतं तर बुडालो असतो," कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

तात्यांनी पाईप घेतला, उजेडात धरून पाहिला. "वकीलसाहेब, मुळी आतून ओली होती. मला कळलं नाही. चूक माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा परत टेबलावर ठेव. माझ्या नावाची चिठ्ठी काढू नको. चांगल्याला नाव लावतो, तर फुटक्याला लावायला काय लाज?"

मी छातीवर मंडळाचा बिल्ला लावून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी पाईप टेबलावर ठेवला.

प्रदर्शन उठेपर्यंत तात्या रोज येऊन त्या तडकलेल्या पाईपाशेजारी उभे राहिले. विचारील त्याला तडा का जातो ते समजावून सांगत. असा ताठ माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या शेजारी राहिलो, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पाईप करणं त्यांनी सोडलं नाही. पुढे त्यांचे पाईप इथल्या खलाशांबरोबर मुंबईपलीकडे गेले, एकही तडकल्याचं ऐकलं नाही. वकिलांनी त्यांच्याकडून दुसरा करून घेतला आणि तोच शेवटपर्यंत ओढला. पण मुळ्या दोन-दोन पावसाळे कोंड्यात राहू लागल्या. त्यानंतरही मुळी काढली की तात्या मधल्या भिंतीवरून माझ्या हातात देत. "तू बघ रे. माझ्या हाताला आता कळत नाही." मी जोखल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "वाळली, तात्या." माझ्या शब्दावर ते पटाशी हातात घेत.

तात्या गेले तेव्हा यमूताई मुरुडहून आली होती. दिवस झाल्यावर निघताना म्हणाली, "बाबांना बाकी कसली खंत नव्हती हो. त्या एका मुळीचं तेवढं म्हणत, माझ्या हातानं मला फसवलंन." मी मान हलवली आणि तिचं गाठोडं गाडीत ठेवलं.

त्यांच्या हातानं त्यांना फसवलं नव्हतं, मी फसवलं. हे त्यांना सांगायचं राहिलं. यमूताईला समोर बसून सांगायचं अजून माझ्याकडे बाकी आहे.