आप्पांची दहा बोटं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, आईलाही नाही — आणि आईपासून आमच्या घरात काही लपत नाही, डब्यातला शेवटचा लाडूसुद्धा. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओळखत नाही. ओळखत असतात तर माझी हिंमत झाली नसती.

मी चित्रं काढते. मुलांच्या पुस्तकांसाठी, मिठाईच्या खोक्यांसाठी, लग्नपत्रिकांसाठी — येईल ते काम, सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या वरच्या खोलीत बसून. रस्त्यापलीकडे लूमची खाती आहेत. कापड विणायच्या कारखान्यांना इथे खातंच म्हणतात. त्यांची खडखड दिवसभर चालते, आणि ती थांबली तरच मी दचकते. तर — माझी चित्रं लोक लांबून ओळखतात. का, तर माझ्या माणसांचे हात कधी दिसत नाहीत. बाईचे पदराखाली, पोराचे पाठीमागे, भाजीवाल्याचे मेथीच्या जुड्यांत बुडालेले, आजोबांचे शालीत. लोक याला माझी शैली म्हणतात.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला हात काढता येत नाहीत.

खरंच येत नाहीत. चेहरा सांगा, म्हैस सांगा, उत्तरायणातलं पतंगांनी भरलेलं आभाळ सांगा — एका बैठकीत. पण हात काढायला घेतला की केळ्यांचा घड होतो. शिकायला हवं होतं. मी लपवायला शिकले, आणि त्यात इतकी तरबेज झाले की कामं वाढली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना — माझ्या बाबतीत लोक अंगणाचंच कौतुक करायला लागले.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. इथेच थांबले असते तर?

एका ऑनलाइन मुलाखतीत एका गोड मुलीने विचारलं, तुमच्या चित्रांत हात का नसतात हो? बरेच जण ऐकत होते. 'येत नाहीत' — दोनच शब्द. पण जीभ उचलेना. आणि मी म्हणाले — की माझे वडील लूमवर कामाला होते, मशीनमध्ये त्यांची बोटं गेली, तेव्हापासून मला हात काढवत नाहीत.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगू? माझ्याही आलं. इतकं छान बोलले होते मी.

आप्पांची बोटं जागच्या जागी आहेत. दहाच्या दहा. धुळ्याकडून तरुणपणी आले ते थेट खात्यात, आणि म्हातारे होईपर्यंत तिथेच राहिले. तुटलेला धागा असा जोडायचे की कापडात गाठ शोधून सापडायची नाही. त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणाचं नख गेलं, कुणाचं पेर गेलं. आप्पा सगळी बोटं घेऊन घरी बसले, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा आमच्या पक्क्या घराचाही नाही. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते — माझे ब्रश, आईची विळी — आणि शेवटी आई आप्पांच्या एकेका बोटाला कुंकू लावते. ही आईची स्वतःची रीत, दुसरीकडे कुठे मी पाहिलेली नाही. ज्या बोटांची घरात पूजा होते ती मी एका वाक्यात तोडून टाकली. कशासाठी? लाज वाचावी म्हणून. हा भित्रेपणा होता आणि दुष्टपणाही होता.

पुढे त्या गोष्टीला पाय फुटले. ती एका पुस्तकाच्या मागच्या पानावर छापून आली. मग सुरतेत माझ्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा दाराजवळच्या फलकावर इंग्रजीत आणि गुजरातीत, मोठ्या अक्षरांत.

आप्पांना मी म्हटलं होतं, कशाला दगदग करता. ते कुठले ऐकायला? इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, आणि हात पाठीमागे बांधलेले — चित्रांना धक्का लागू नये म्हणून. असे फिरत असताना एक भली बाई त्यांच्यापाशी आली आणि हळुवारपणे म्हणाली, "काका, तमारी आंगळीओनुं वांचीने बहु दुःख थयुं." म्हणजे, तुमच्या बोटांचं वाचून फार वाईट वाटलं.

आप्पांना गुजराती घरच्या अहिराणीइतकीच समजते. त्यांनी बाईकडे पाहिलं. मग दाराजवळच्या फलकाकडे. मग माझ्याकडे. चहात पाणी जास्त पडलं तर टपरीवाल्याला चारचौघांत ऐकवणारा हा माणूस — आता दोन्ही हात सगळ्यांपुढे धरणार, अशी माझी खात्रीच झाली.

आप्पांचे हात पाठीमागून निघाले ते सरळ पँटच्या खिशात गेले. आधी एक, मग दुसरा. "चाले बेन," ते म्हणाले, "एवुं तो थाय." चालायचंच, असं होतंच.

संध्याकाळभर ते हात बाहेर आले नाहीत. पाहुण्यांनी नमस्कार केला तेव्हा आप्पांनी नुसती मान लववली. पाहुणे म्हणाले, काय भारदस्त गृहस्थ आहेत. मग लोचो आला, हरभऱ्याच्या डाळीचा मऊ सुरती पदार्थ, वाफाळता, वर लोणी आणि शेव. लोचोसाठी आप्पा भल्या सकाळी रांगेत उभे राहतात. "माले भूक नही शे," ते म्हणाले, डोळे मात्र बशीवर.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसले आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, आता माफी मागावी. प्रत्येक सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे काढली. घरी आप्पांनी तीनदा खिचडी घेतली. आई म्हणाली, काही खायला घातलं नाही का तिथे? आप्पा म्हणाले, घातलं की, भरपूर.

त्यावर आजतागायत ते एक शब्द बोललेले नाहीत. मीही नाही. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून ते वाक्य काढायला सांगितलं, पण कारण काय दिलं माहीत आहे? जागा कमी पडते. म्हणजे बघा, तिथेही खरं बोलवलं नाहीच.

यंदा दसऱ्याला सगळं सुरत फाफडा-जिलेबीच्या रांगेत असताना मी लोचो आणला. पूजा झाली, आईने कुंकू लावलं, आणि मी कागद घेऊन आप्पांसमोर बसले. म्हटलं, हात पुढे करा. ते गुडघ्यांवर हात ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले. मी खोडत होते, काढत होते, परत खोडत होते. आप्पा हलले नाहीत. लोचो गार झाला.

शेवटी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. एकदा कागद, एकदा स्वतःचा हात, असं बराच वेळ चाललं. मग म्हणाले, "एक बोट जास्ती काढं माय तू."

खरंच सहा झाली होती. मी खोडरबर उचललं, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "कामले ई." म्हणजे, कामाला येईल.

आणि कुंकवाच्या बोटांनीच लोचो खायला बसले.