बाबांनी सांगितलेला किल्ला

कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर जायचं ठरलं तेव्हा आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत मी चांगलाच भाव खाऊन घेतला. लोक दुबईला जातात, सिंगापूरला जातात, फार तर युरोप करून येतात. मी निघाले होते अशा ठिकाणी, जिथलं क्रिकेट सोडून आमच्या इमारतीत कुणाला काही माहीत नव्हतं. लेक अमेरिकेत नोकरी करते. तिला सुट्टी मिळाली आणि तिने फोनवर विचारलं, "आई, कुठे जायचंय ते एकदाच बोल. नंतर कुरकुर नकोय मला." मी क्षणभरही विचार न करता त्या बेटाचं नाव घेतलं. मला ते दहावीत असल्यापासून पाठ होतं.

माझे बाबा मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाले. वर्षातले आठ-नऊ महिने ते बोटीवर असत. मी दहावीत असताना आई आजारी पडली. कॅन्सर होता, पण हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, 'पोटाचं दुखणं' म्हणत. मावशी येऊन राहिली होती, तरी आईचं अंग पुसणं, तिला पेज भरवणं, कूस बदलून देणं, हे मीच करायचे, कारण दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नव्हता. ती रोज एकच विचारायची, "बोट खंय पोचली?" आणि मी शाळेचा नकाशा तिच्यासमोर धरून बोटाने दाखवायचे. काही दिवसांनी तिची मान उचलेनाशी झाली, तरी मी दाखवतच होते.

त्या काळात बाबांचा एकदाच फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होता. मी धावत गेले. दिवेलागणीची वेळ होती, शेजारच्या काकू देवापाशी दिवा लावत होत्या. बाबांनी त्या बेटाचं नाव सांगितलं. बोट दुरुस्तीसाठी तिथे अडकली आहे, इतक्यात निघणार नाही, म्हणाले. मग म्हणाले, "हयसर एक जुनो किल्लो आसा. आत कोणाक सोडनत नाय, म्हणान भायर बसलंय. आत्ताच सूर्य समुद्रात बुडालो. तुझ्या आवशीसाठी हात जोडून इलंय बघ." मी वर जाऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने डोळे मिटून तो किल्ला मनातल्या मनात पाहिला असावा, कारण चेहरा थोडा सैल झाला.

आई गेल्यावर काही दिवसांनी बाबा आले. मी त्यांच्यावर रागावले नाही. माणूस हजारो मैलांवर अडकलेला, तो काय करणार? उलट मीच त्यांना पुन्हा पुन्हा त्या किल्ल्याबद्दल विचारायचे. तेही खुलवून सांगायचे. भिंती धडधाकट, आत सगळं रिकामं. खाली कोळ्यांच्या होड्या, बांबूवर वाळत घातलेले बोंबील, त्यांचा वास थेट किल्ल्यापर्यंत. पलीकडे जायला छोटी बोट. आई गेली तेव्हा बाबा तिच्याजवळ नव्हते, पण निदान कुठेतरी एका किल्ल्यापाशी तिच्यासाठी हात जोडून उभे होते, एवढ्या एका गोष्टीवर मी बापाला माफ केलं होतं. नुसतं माफ नाही, त्यांना डोक्यावर घेतलं. म्हातारपणी त्यांना स्वतःकडे आणलं, आणि मी बेटावर निघाले तेव्हाही नवऱ्याला दहादा बजावलं की त्यांच्या पेजेत मीठ कमी घाल.

बेट सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. लेकीने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं आणि माझी वरात काढली. पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या होडीत बसवून वल्हं हातात दिलं आणि खारफुटीतून फिरवलं. घरी खाडीच्या कडेने रिक्षा गेली तरी मी नाकाला पदर लावते, आणि इथे त्याच चिखलातल्या मुळांचे फोटो काढत होते. मग तोंडावर काचेचा मुखवटा चढवून उथळ पाण्यात मासे बघायला लावलं. मी मालवणी घरातली. मासा दिसला की तो तळायचा की त्याचं तिखलं करायचं हेच आधी डोक्यात येतं. लेक म्हणाली, "आई, प्लीज, निदान इथे तरी जेवणाचा विषय नको ना." पण तिथेही चिंचेची झाडं होती, आंबा होता, नीरफणससुद्धा होता, आणि मला उगाच घरच्यासारखं वाटत होतं.

जुने अवशेषही पाहिले. उसाच्या मळ्यांमधल्या दगडी पवनचक्क्या, आता नुसते बुंधे उरलेले, वर वेली चढलेल्या. आमच्याबरोबर त्या बेटावरचीच एक बाई माहिती सांगायला होती, गोड हसायची. पण गुलामांच्या कोठ्या दाखवताना मात्र तिचं हसू थांबलं. हे सगळं बांधलं त्यांनी, आणि नावं राहिली मालकांची, असं ती म्हणाली. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष किल्ल्याकडे लागलं होतं.

किल्ला टेकडीवर होता. लेकीला मी मुद्दाम संध्याकाळची वेळ घ्यायला लावली होती. बाबांनी जिथे हात जोडले तिथे, त्याच वेळी, मला हात जोडायचे होते. चढ बराच होता, गुडघा कुरकुरत होता, पण मी कुठेही बसले नाही. वर पोचल्यावर पहिल्यांदा नवल वाटलं ते याचं, की दार सताड उघडं होतं. आत हिरवळ, लोखंडी तोफा, बसायला बाक, माणसं मुलाबाळांसह फिरत होती. मी मनात म्हटलं, त्या काळी आत सोडत नसतील. खाली वाकून पाहिलं. कोळ्यांची वस्ती नव्हती, नुसते काळे खडक आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा. वस्ती उठवली असेल, असंही म्हटलं. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो कुठलंही ठिगळ लावतो.

मग आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो आणि सूर्य मावळायची वाट बघू लागलो. समोरचं पाणी हळूहळू करडं होत गेलं. आमच्या सावल्या पुढे पुढे, समुद्राकडे लांबत चालल्या. मागे वळून पाहिलं तर सूर्य आमच्या पाठीमागे, डोंगराच्या आड चालला होता. मी लेकीला त्या माहिती सांगणाऱ्या बाईला विचारायला लावलं, या बेटावर समुद्राकाठी आणखी किल्ला आहे का? ती म्हणाली, हा एकच. आणि इथे लोक सूर्योदय बघायला येतात, सूर्यास्त हवा तर पलीकडच्या किनाऱ्यावर जायला हवं होतं, हॉटेलवाल्यांनी सांगायला नको का?

आम्ही कोकणातली माणसं. आमच्यासाठी समुद्र म्हणजे पश्चिम. सूर्य पाण्यातच बुडणार, दुसरीकडे जाणार कुठे? मला वाटलं, फोनवर बाबांच्याही तोंडात डोंगराऐवजी समुद्रच आला असेल. तरी जीव अडकला होता. मी लेकीला म्हटलं, "आजोबांना फोन लाव. म्हणावं, तुमच्या किल्ल्यावर बसलेय."

ती म्हणाली, "आई, वेडी आहेस का? तिकडे अजून पहाटसुद्धा झाली नाही. इथे संध्याकाळ म्हणजे तिकडे सगळे ढाराढूर."

मी तिच्यापुढे धरलेला फोन खाली ठेवला. बाबांचा तो फोन आला तेव्हा शेजारच्या काकू देवापाशी दिवा लावत होत्या, आणि बाबा सांगत होते की आत्ताच सूर्य बुडाला. तिथे आणि इथे एकाच वेळी कसा बुडाला? इतकी वर्षं मला हे एकदाही सुचलं नव्हतं. घरातल्या गोष्टीला कोण घड्याळ लावून बघतं? त्या संध्याकाळी बाबा जिथे कुठे होते, तिथे माझ्याच आकाशातला सूर्य मावळला होता.

उरलेले दिवस मी कसे काढले ते लेकीलाच माहीत. तिने मला दोरीला टांगून दरीवरून सोडलं, मी किंचाळले, आणि किंचाळतच राहिले. खाली उतरल्यावर ती हसत होती आणि मी रडत होते. तिला वाटलं घाबरले. मी तसंच वाटू दिलं, कारण आजोबा तिचे लाडके होते आणि मला आधी नक्की करायचं होतं.

परत आल्यावर, पहिल्याच रविवारी, मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी वर्सोव्याला गेले. समुद्रकाठचा किल्ला, वाळणारे बोंबील, पलीकडे जायला छोटी बोट, आणि वर मुंबईचंच आकाश, हे सगळं तिथेच जुळत होतं. खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बसले, पलीकडे उतरून रिक्षाने मढच्या किल्ल्यापाशी पोचले. आयुष्य उपनगरात गेलं, पण मी तिथे कधी आले नव्हते. तिकडे कॉलेजची सहल ठरली, कुणाच्या घरी जायचं ठरलं, की बाबा काहीतरी खुसपट काढायचे. आत जाता येत नाही, असं रिक्षावाल्यानेच सांगितलं. भिंती धडधाकट होत्या. वाटेत बांबूवर बोंबील वाळत होते आणि वास पार तिथपर्यंत येत होता. मी बाहेरच एका दगडावर बसले. समोर सूर्य समुद्रात बुडाला, अगदी सांगितल्यासारखा.  आई तिकडे नकाशाकडे डोळे लावून पडली होती आणि हा माणूस एका फेरीबोटीच्या अंतरावर हवा खात बसला होता.

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. नवरा खाली भाजी आणायला गेला होता. मी चप्पलही काढली नाही.

"बाबा, मी आत्ता मढवरून आले."

त्यांनी आधी ऐकू न आल्याचं सोंग केलं. मग म्हणाले, "मढ? थंय काय आसा?"

"तुमचा किल्ला."

 मला वाटलं नाकारतील, चिडतील, म्हातारपणाचं नाव पुढे करतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. बोट मुंबईला कधीच आली होती, त्यांनी सांगितलं. सामान घेऊन ते घरापर्यंत आलेही होते. जिन्यात उभे असताना वरून आईचं कण्हणं ऐकू आलं, आणि पाय उचलेना. बोटीवरच्या एका सोबत्याचं घर मढला होतं, तिकडे गेले. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहिले. बेटाचं नाव त्या सोबत्याकडूनच ऐकलेलं. तो तिथे जाऊन आला होता. शेवटी मावशीने आई गेल्याचा निरोप कंपनीत दिला, तो तिथून त्यांच्यापर्यंत पोचला.

"माका जमला नाय गो, चेडवा," ते म्हणाले. "मी भियालंय. तिका तशी बघूक माझ्यान झाला नसता."

"मी पंधरा वर्षांची होते. माझ्याने झालं."

 त्यांच्याकडे बघून मला दया आली नाही. वाईट या गोष्टीचं वाटत होतं की ते घाबरले म्हणून मी त्यांना कदाचित माफही केलं असतं. पण त्यांनी देवाला हात जोडल्याची गोष्ट रचली, आणि ती माझ्याच तोंडून आईला ऐकवली. तिला फसवायला त्यांनी मला वापरलं.

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी येवनसुदिक काय झाला असता? शेवटाक तिका खंय काय कळत होता? ती गुंगीतच आसतली. इंजेक्शना देयत होते ना?"

म्हणजे इतकी वर्षं ते हे धरून जगत होते. ही एक गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. बिचारे लांब होते, ऐकून खचतील, म्हणून गिळून टाकली होती. मावशीलाही शपथ घातली होती.

"डॉक्टर रोज इंजेक्शन घेऊन यायचे," मी म्हटलं. "ती देऊ द्यायची नाही. हात आवळून धरायची. म्हणायची, ते येतील आणि मी झोपलेली असेन. ओरडायची, चादर चावायची, पण घेतलं नाही. ती शेवटपर्यंत जागी होती, बाबा."