ओंडक्यावरची संकष्टी

मंजू, ये गं जवळ, म्हणजे फोन जरा कानाशी धर. लुसैलला, कतारच्या वर्ल्ड कपसाठी बांधताहेत त्या स्टेडियमवर, आज निर्जळी संकष्टी धरून परांचीवर चढलीस? आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत चढणार? एवढी इंजिनीअर झालीस, पण वेडेपणा मात्र या मावशीचाच घेतलास!

संकष्टी म्हटलं की मला अजून तो ओढा ऐकू येतो. हिमालयातल्या एका दरीत तुझे काका आणि मी ट्रेकला गेलो होतो. सकाळपासून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओढ्यावर देवदाराचा ओंडका टाकलेला, शेवाळानं बुळबुळीत. काकांनी शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. "खा गं, उपासाचाच आहे."

"चंद्रोदयाआधी नाही," मी म्हटलं.

ते वाटाड्याबरोबर पलीकडे पोचले. मी मधोमध आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय उचलेना. मला घ्यायला काका परत फिरले, तर त्यांचाच पाय सटकला. कमरेपर्यंत बर्फासारख्या पाण्यात, दोन्ही हातांनी ओंडक्याला मिठी! वाटाड्यानं आधी त्यांना ओढून काढलं, मग मला.

काठावर कुडकुडत त्यांनी तोच लाडू, भिजलेला, माझ्या तोंडात कोंबला. "बाप्पाला मी सांगतो काय ते."

तेव्हा वाटलं, उपासानंच तारलं. आता कळतं, माझ्या हट्टापायी ते वाहून जाणार होते.

वर चढायच्या आधी पाणी पी, बाळा. आणि कामावरून सुटलीस की सरळ इकडे दोह्यात, अबू हमूरला आमच्या घरी ये. काका लाडू वळायला बसलेत.