तातेरावांचं विद्यापीठ

हैदराबादच्या अंबरपेठेत तातेरावांना सगळे 'औरंगाबादवाले' म्हणत. राहायला अंबरपेठेत, तेलुगू बोलणार फाडफाड, भांडायची वेळ आली तर अस्सल दखनीत भांडणार, तरी नाव औरंगाबादवाले! कारण एकच. माणूस आरटीसीत ड्रायव्हर, आणि अफझलगंजजवळच्या स्टँडातून निघणारी औरंगाबादची बस म्हणजे त्याचा जीव की प्राण. लांबच्या ड्यूटीला बाकीचे नाकं मुरडत, तातेराव ती मागून घेत. "हौला है ये," वेडा आहे म्हणून डेपोतले दोस्त हसत. तातेरावही हसत, पण ड्यूटी काही सोडत नसत.

सकाळी बस औरंगाबादेला लागली की इतर ड्रायव्हर चहा पिऊन गुडुप झोपायचे. हे मात्र आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि थेट विद्यापीठाच्या गेटावर जायचे. चपला काढायच्या, गेटाच्या दगडाला डोकं टेकवायचं, जरा वेळ उभं राहायचं आणि परत फिरायचं. वर्षानुवर्षं हाच नेम. आत मात्र एकदाही गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत आपलं काय काम?"

काम होतं हो. पण ते राहून गेलं होतं.

नांदेडकडच्या गावात असताना तातेराव उशिरानं का होईना मॅट्रिक झाले होते. लग्न झालेलं, गीता रांगायची, तरी गडी औरंगाबादला कॉलेजात जायला निघाला होता. ट्रंक भरून ठेवली होती. त्याच दिवसांत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात आमच्या दलित वस्त्या पेटल्या. त्यात तातेरावांचं घर गेलं, ट्रंकही गेली. अंगावरच्या कपड्यानिशी, पोरीला खांद्यावर घेऊन नवराबायको हैदराबादला मामाच्या आसऱ्याला आले. मग आधी वर्कशॉपात हेल्पर, पुढं ड्रायव्हर. विद्यापीठाला नाव मिळायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली. मिळालं त्या दिवशी तातेराव गेटावर लहान लेकरासारखे रडले. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट साजरी करायची, तर माणसानं हसावं की नाही? नाही, रडलेच.

आणि आता गीता बी.एस्सी. झाली होती.

तातेरावांनी तिला विचारलंसुद्धा नाही. एप्रिलात जयंतीला, विहारात सगळ्यांसमोर उभे राहून जाहीर करून टाकलं, "माझी पोरगी एम.एस्सी.ला बाबासाहेबांच्या विद्यापीठात जाणार!" टाळ्या पडल्या. विहाराचे सेक्रेटरी उमाजी कांबळे यांनी तिथल्या तिथं गीताच्या गळ्यात हार घातला. आता हार गळ्यात पडल्यावर पोरगी काय बोलणार? मान खाली घालून उभी राहिली.

गीताच्या मनात होतं उस्मानिया विद्यापीठ. अंबरपेठेतून उस्मानिया म्हणजे भाजी शिजत टाकून जाऊन यावं इतकं जवळ. पण तिला ते नुसतं जवळ म्हणून हवं होतं असं नाही. कॉलेजातर्फे एकदा तिथली केमिस्ट्रीची लॅब बघायला गेली आणि तिथंच जीव अडकला. पोरंपोरी सरांशी हुज्जत घालत होती, "सर, ये कैसे होता, दिखाओ," आणि सर खरंच करून दाखवत होते. त्या वर्षांत जीडिमेटल्याकडं औषधांच्या नव्या कंपन्या निघत होत्या. गल्लीतली निम्मी पोरं अमीरपेठेत कंप्युटर शिकून अमेरिकेची स्वप्नं बघत होती. गीताचं स्वप्न त्या लॅबपुरतंच होतं, पण रात्रंदिवस तेच.

तिनं आईला सांगितलं. केसरबाईंना तर हवंच होतं कुणीतरी असं बोलणारं. त्यांनी नवऱ्याला जेवायला वाढता वाढता तोंड उघडलं.

"अवो, ज्या नावापायी घर जळलं, तिथंच पोरीला धाडता? माझ्या जिवाला पुन्हा घोर नगं."

"म्हणून तर धाडायची!" तातेरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "त्या नावासाठी आपण काय सोसलं ते आपल्यालाच माहीत. मग तिथं शिकायचं कुणी? दुसऱ्यांनी?"

"पोरीला इथलं शिकायचंय."

"काय गं?" तातेराव गीताकडे वळले. "खरं का हे?"

गीता म्हणाली, "बाबा, मला एकदा बघू तर द्या. न बघता हौ कसं म्हणू?"

तातेरावांना ते पटलं. एकदा तिनं ते गेट बघितलं की उस्मानियाचं नावही काढायची नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. मे महिन्यात त्यांनी रजा टाकली आणि बापलेक पॅसेंजर म्हणून औरंगाबादच्या बसमध्ये बसले. वाटभर तातेरावांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. इतके खुशीत ते कधी दिसले नव्हते.

गेटावर पोचल्यावर दोघांनी चपला काढल्या, डोकं टेकवलं. गीताचेही डोळे भरून आले. घर जळाल्याची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती, ती काय दगड थोडीच होती! पण मग तिनं चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चला आत."

तातेराव जागचे हलेनात. मग एकदम निघाले, पण अनवाणी. मेचं ऊन, डांबर चटचट भाजत होतं.

"बाबा, चपला!"

"असू दे."

"अहो, पाय भाजतील!"

"असू दे म्हटलं ना. इथं पायताण घालून चालायचं होय?"

शेजारून दोन पोरं लूनावरून हसत-खिदळत गेली. एक पोरगी बूट घालून कट्ट्यावर पाय हलवत वडापाव खात होती. तातेराव मात्र देवळात चालावं तसे जपून पाऊल टाकत होते, झाडाच्या सावलीलाही अंग चोरून उभे राहत होते. गीताला बापाची माया आली आणि संतापही आला. हे चांगलं विद्यापीठ होतं, केमिस्ट्रीही होती, मार्कांवर प्रवेशही मिळाला असता. पण बाप असा पावलोपावली पोळत चालला होता, आणि आपणही इथं जन्मभर असंच चालू, असं तिला वाटलं.

सुट्टी होती. एका इमारतीतला वर्ग उघडा होता. गीता आत जाऊन पहिल्या बाकावर बसली. तातेराव दारातच उभे राहिले.

"बाबा, रागवू नका," ती म्हणाली. "जिथं तुम्हाला चपला घालवत नाहीत, तिथं मला सरांना उलटं विचारता यायचं नाही. चुका करता यायच्या नाहीत. नापास झाले तर बाबासाहेबांचा अपमान केला असं वाटंल. मला साधं विद्यापीठ पाहिजे हो. भांडता येईल असं."

गीताला वाटलं, आता बाबा ओरडतील, विहारातल्या हाराचा विषय काढतील. ते ओरडले नाहीत. उंबरा ओलांडून आत आले, फळ्याकडं बघितलं, तिच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसले.

"उस्मानियाचं नक्की कर," ते म्हणाले.

"मनापासून?"

"मनापासून." त्यांनी बाकावर तळहात फिरवला. "तुला धाडायचं नव्हतंच गं. मलाच यायचं होतं. एकदा तरी असं बसायचं होतं. तुझ्या नावावर मीच येत होतो."

गीताला हुंदका आवरेना. ती सरकून त्यांच्याजवळ बसली. दोघं समोरच्या कोऱ्या फळ्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात किल्ल्या वाजवत शिपाई दारात आला. "कोण पाहिजे? सुट्टी आहे, वर्ग बंद करायचाय."

तातेराव गडबडून उठायला लागले. "कोणी नाही, साहेब. इथं शिकायचं राहिलं होतं, म्हणून बसलो."

शिपायानं एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं, एकदा पायांकडं.

"मग बसा," तो म्हणाला. "मी तिकडचे वर्ग लावून येतो."

तातेराव पुन्हा बसले.