बाळंतिणीच्या खोलीला सवणे हवे

तक्रारदार मी, पाटणच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून पोट भरणारा. विरुद्ध पक्ष माझा धाकटा भाऊ, फौजेतून पेन्शनीत आलेला. काळ, रॉकेलसाठी रांगा लागत त्या दिवसांतला पौष. साक्षीदार माझी पत्नी, माझी लेक आणि नव्या स्लॅबचे काळे पडलेले छत. नावे मुद्दाम देत नाही. घरची अब्रू आहे.

भावाने जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधले. जंगलातून सरपण आणण्यास मनाई, रॉकेल मिळेना, म्हणून बर्फाळ सरहद्दीवर शिकलेली युक्ती त्याने येथे चालवली. दाराच्या फटी गोणपाटाने बुजवल्या, खिडकीची काच कायमची बसवली आणि धूर जाण्यासाठी छपरात ठेवतात ते सवणे ठेवलेच नाही. मी विचारले तेव्हा अभिमानाने म्हणाला, "दादा, ऊब निसटाय मुंगीएवढी वाट न्हाई ठेवली. सरपण निम्म्यावर आलंय." ते खरे होते, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो.

त्या उबेच्या भरवशावर माझी लेक बाळंतपणाला तेथे ठेवली. रिवाजाप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी आणि वारा लागू नये म्हणून दार बंद. जुन्या घरातही असेच करीत. परंतु तेथे कौलांच्या फटींतून धूर आपला आपण निघून जाई. येथे तो जाणार कोठे? पाचवी पुजली, त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीला भोवळ आली आणि बाळाने दूध ओढणे सोडले.

घरच्यांनी काय करावे? दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरून त्याच शेगडीत टाकल्या, आणि तेही दार लावून. ठसका लागला नाही तर दृष्ट, लागला तर नाही, असा आपल्याकडचा कायदा. सगळ्यांनाच ठसका लागला. दृष्ट नव्हे, असा निकाल देऊन मंडळी खोकत बसली. दार मात्र कोणी उघडेना. शेवटी माझ्या पत्नीने बाळाला पदराखाली घेतले, दार ढकलले आणि लेकीला धरून ओसरीवर आणले. थोड्या वेळाने उन्हात बाळ रडले. कोणाचे रडणे मी इतक्या आनंदाने कधी ऐकले नव्हते.

छताला भोक पाडायला मी पहार मागितली. भाऊ आडवा आला.

"स्लॅब गळंल, दादा. तुमी अर्ज लिवावं. बांधकामातलं तुमाला काय कळतंय?"

सातवी फायनलच्या परीक्षेला बसलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. बांधकाम मला कळत नसेल. श्वास मीही घेतो.

आता त्याची स्वतःची थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी येत आहे, आणि बाज त्याच खोलीत टाकली आहे. सरपण वाचवण्यास माझा विरोध नाही. वाचलेले सरपण मग कोणत्या कामी येईल, ते शुभकार्याच्या तोंडावर मी लिहीत नाही.

सबब विरुद्ध पक्षास विनंती की, पोरीने त्या खोलीत पाऊल ठेवण्याआधी छताला नाही तर निदान भिंतीला, छताच्या लगत, वीतभर भोक पाडावे. आणि पाडले, एवढे एका ओळीत मला कळवावे. ओळ न आल्यास पहार घेऊन मी स्वतः हजर होईन.