मागल्या दारचं कोकण

नाव : श्रीमती सारजाबाई गेणू मदने. राहणार मौजे शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. वय अंदाजे साठ. शिक्षण निरंक. पद : मार्गदर्शक (भोजन व स्थळे). अनुभव : कोकण किनारपट्टी, प्रत्यक्ष वास्तव्य, दरसाल सात महिने. विशेष प्रावीण्य : मासळी. सदर व्यक्तीची निवड एकमताने करण्यात येत असून त्यांना भत्ता देय राहणार नाही.

हे वर्णन गावच्या दूध संस्थेच्या ठरावातलं. सत्त्याण्णवच्या जानेवारीत संस्थेनं ‘किनारपट्टीतील पशुधन’ या विषयावर अभ्यास दौरा काढला होता. किनारपट्टीत पशुधन कितपत आहे हे संचालकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तेच बघायला जायचं असल्यामुळं त्यात चूक काढायला जागा नव्हती. समुद्र वाटेत येणार होता, त्याला संस्थेचा इलाज नव्हता.

मार्गदर्शकाची निवड मात्र खरोखरच एकमतानं झाली. शेळगावातून कुणी हरिहरेश्वराला निघालं, की आदल्या दिवशी सारजाबाईच्या ओट्यावर येऊन बसायचं आणि विचारायचं, “मामी, तिकडं जेवायचं कुठं?” सारजाबाई डोळे मिटायची आणि सांगायची. म्हसळ्याच्या पुढं खाडी लागली की फणसाला शिडी टेकलेलं घर, त्यांच्यात तिसऱ्यांचं कालवण. वाटण सावकाश भाजतात, घाई करत नाहीत. त्याच्या पल्याड धुण्याचा दगड फुटलेलं घर, तिथं कोलंबी. त्याच्या शेजारी जेवू नका, तेल जुनं असतं. या खुणा कधी कुणाला सापडायच्या नाहीत, गावात विचारत विचारतच जावं लागायचं. पण घर सापडलं आणि बाईला दोन तास आधी सांगितलं, की जेवण अगदी म्हटल्यासारखं निघायचं. माणसं तृप्त होऊन परत यायची आणि सारजाबाईच्या जिभेचं कौतुक करायची.

सारजाबाईच्या जिभेनं आयुष्यात मासळी चाखलेली नव्हती. तसं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

तिला जे माहीत होतं ते नाकानं. मदन्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, वरंधा घाट उतरायचा, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत कोकणात फिरायचं. भात कापलेल्या खाचरांत रात्रीची मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याच्या बदल्यात भात धनगराला. आपणच फायद्यात आहोत असं दोघांनाही वाटत असल्यामुळं हा व्यवहार फार टिकला. आता मेंढरं काही गावाच्या तोंडानं जात नाहीत. ती जातात मागल्या अंगानं, बांधाबांधानं. आणि कोकणात चूल असते मागल्याच अंगाला. लग्न होऊन आल्यापासून चाळीसेक वर्षं सारजाबाई लोकांच्या स्वयंपाकघरांच्या पाठीमागून चालली. कोणत्या घरात खोबरं करपतं, कुठं आमसूल सढळ पडतं, कुठल्या सासूनं आता सुनेच्या हाती पळी दिली, हे तिला वळणावरूनच कळायचं.

खायची मात्र बंदी होती. ही बंदी सासूची, दगडाबाईची. “मासळीचा हात कोकराला लागला, तर मेंढी त्याला जवळ करत न्हाय,” एवढंच ती म्हणायची. मेंढी आपलं पोर वासावरून ओळखते, हे खरं. पण सोळा वर्षांच्या सुनेला ते खरं वाटायला एक हंगाम जावा लागला.

श्रीवर्धनच्या अलीकडं एका वाडीत वेणूबाय म्हणून एक कुणब्याची बाई होती. सारजापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी. तिच्या खाचरात मेंढरं बसली होती, आणि मागल्या दारी हंडाभर पाणी मागायला आलेल्या या पोरीच्या तळहातावर तिनं तळलेला बांगडा ठेवला, केळीच्या पानाच्या तुकड्यात. सारजा तो तोंडाशी नेणार, तेवढ्यात नवऱ्याची, गेणूची हाक आली. मेंढी अडली होती. सारजानं पान दगडावर ठेवलं, पळत गेली आणि त्याच हातांनी कोकरू ओढून काढलं. मेंढीनं त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं. सारजानं बोळ्यानं दूध पाजून बघितलं. कोकरू तीन दिवस जगलं.

दगडाबाईनं ते स्वतःच्या हातानं पुरलं. सारजाला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. तेव्हापासून मासळीचं ताट जवळ आलं की सारजाचे दोन्ही हात पाठीमागं जायचे. वेणूबायला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, “मेंढरं नसतील त्या दिवशी ये गो. तुझं ताट माझ्याकडं राहिलं.” मेंढरं नसतील असा दिवस धनगराच्या बाईला नसतो. दरवर्षी सारजा मागल्या दारी जाऊन बसायची, हात पाठीशी धरून भाताची पेज निवायची वाट बघायची, आणि वेणूबाय दरवर्षी म्हणायची, “ताट राहिलंय हां.”

मग गेणू गेला. चरायच्या रानांत ऊस आला. चौऱ्याण्णव साली मेंढरं विकली आणि मुलानं, रविराजनं जीप घेतली. कळपाची जीप झाली. जीप कुठंही थांबून निघाली, की सारजाबाई आतली माणसं मोजायची.

आता असा दिवस आला होता, की मेंढरं नव्हती. पण शेवटच्या हंगामातच वेणूबायच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलेला तिनं बघितला होता, आणि त्यालाही तीन-चार वर्षं झाली. एखादं म्हातारं माणूस जायला तेवढी पुरतात. दौऱ्याचं कळल्यावर सारजाबाईनं रविराजला एकच विचारलं, “त्या वाडीवरनं जाशील न्हवं?”

“आये, तू म्हनशील तिथं. फकस्त सकाळी नीट आंघूळ कर. गाडीत समदी संचालक मंडळी हायती.” आणि त्यानं तिला वासाचा साबण आणून दिला.

वडगाव निंबाळकरला पहिला चहा झाला. जीप निघताना सारजाबाईनं माणसं मोजली आणि म्हणाली, “एक कमी हाय.” संस्थेचे चेअरमन दादासाहेब टपरीमागून धोतर सावरत आले.

“मामी, मला मेंढरात धरलंस व्हय?”

“मेंढरू असतं तर हाक न मारता आलं असतं,” सारजाबाई म्हणाली.

घाट उतरला. म्हसळा मागं पडलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रविराजनं वाडीत गाडी घातली आणि विचारलं, “आता कंचं घर?”

सारजाबाईनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. दोन्ही बाजूंना घरं होती, नीटनेटकी, पडवीची, तुळशीवृंदावनाची. त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं. गाडी वाडीच्या शेवटाला जाऊन वळली. पुन्हा आली. पुन्हा गेली. पडव्यांतली माणसं उठून बघायला लागली.

“मार्गदर्शक,” दादासाहेब म्हणाले, “मार्ग दाखवा की. अभ्यासाला भूक लागलीय.”

“ही घरं मी कवा बघितलीच न्हाईत.”

“मग चाळीस वर्सं काय डोळं मिटून हिंडत हुतीस?”

“मागनं बघितल्यात समदी. तोंडं कुनी बघितली त्यांची?”

मग सारजाबाई खाली उतरली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि दोन घरांच्या मधल्या बोळातून मागं निघाली. अभ्यास दौरा तिच्या मागं. भाताच्या सडातून, बांधावरून, एका ओळीत, पांढऱ्या टोप्या सांभाळत. एक संचालक सागरगोट्याचं झुडूप बघत मागं रेंगाळला तेव्हा सारजाबाईच्या तोंडून आपोआप “हुर्र, हुर्र” निघालं, आणि तो चटकन ओळीत आला.

मागं आल्यावर ती वाडी तिला भेटली. हा फणस. हा फुटका दगड. इथं तेल जुनं, अजूनही जुनंच. आणि ते रातांब्याचं झाड, त्याच्याखाली भांडी घासायची जागा, आणि अर्धं उघडं मागलं दार. सारजाबाई थांबली. वास आला, आमसूल, खोबरं, ओली हळद. पण पळी वेणूबायची नव्हती. हात दुसरा होता.

ती दारात तशीच उभी राहिली. विचारायचं धाडस होईना.

आतून एक सून बाहेर आली आणि एवढी टोपीवाली माणसं परसात बघून दचकली. “जेवायला ना? मागून कशाला? पुढून या की. पुढं पाटी लावलीय, घरगुती जेवण मिळेल म्हणून.”

त्या पाटीसमोरून जीप तीनदा गेली होती. सारजाबाईला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते मार्गदर्शकाच्या भरवशावर होते.

मंडळी पुढल्या पडवीत गेली. सारजाबाई गेली नाही. सुनेच्या पाठीमागं, चुलीजवळच्या भिंतीला टेकून एक म्हातारी पानाची चंची घेऊन बसली होती. डोळे उघडे होते आणि पांढुरके.

“कोण आलाय गो?”

“वेणूबाय,” सारजाबाई म्हणाली, “मी सारजा. मेंढरंवाली.”

म्हातारीनं तोंड वर केलं आणि हवा हुंगली. बराच वेळ हुंगली. मग मान हलवली.

“सारजी नव्हे ही. सारजी आली की आधी मेंढरांचा वास यायचा, मग ती यायची. हिला साबणाचा वास येतोय.”

“मीच हाय गं. आवाज कळंना व्हय?”

“आवाज सगळ्या म्हाताऱ्यांचा एकच असतो,” वेणूबाय म्हणाली. पण चिडून नाही. “कोण का असंना. भुकेली आलीय. वाढ तिला.”

सारजाबाई खाली बसली. तिला वाटलं होतं, वेणूबाय नसेल. त्याची तयारी तिनं घाटातच करून ठेवली होती. वेणूबाय असेल आणि आपण नसू, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण साबण लावून आलो याचा तिला रविराजवर राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं नाही.

सुनेनं ताट आणलं. तांदळाची भाकरी, कालवण, आणि वर तळलेला बांगडा, कडा कुरकुरीत. ताट समोर टेकलं. सारजाबाईनं वाटेत मनाशी पक्कं ठरवलं होतं, की या खेपेला खायचं. पण हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते पाठीमागं गेले.

“जेवा ना मावशी,” सून म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मग सासूकडं वळली. “आत्याबाई, ह्या जेवतच नाहीत. हात पाठीमागं घेऊन बसल्यात.”

वेणूबाय सुपारी कातरायची थांबली.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मग सारजीच ती,” वेणूबाय म्हणाली आणि अडकित्ता खाली ठेवला. “मेंढरं कुठं ठेवलीस गो?”

“इकली.”

“सगळी?”

“समदी. जीप झाली त्यांची. पुढल्या दारी हुबी हाय.”

वेणूबायनं यावर जराशी मान हलवली, कुणी गेल्याचं कळल्यावर हलवतात तशी. मग सरकत सरकत पुढं आली, हातानं ताट चाचपलं आणि आपल्याकडं ओढलं. “आता हात पुढं कर.”

हात पुढं यायला वेळ लागला. आले ते मांडीवर येऊन थांबले. वेणूबायनं तोवर बांगडा काट्यांपासून सोडवायला घेतला होता. बोटांनी काटा शोधायचा, ओढायचा, बाजूला ठेवायचा. डोळस माणसाला इतकं साफ जमलं नसतं. घास करून तिनं तो अंदाजानं पुढं धरला. अंदाज थोडा चुकला. सारजाबाईनं तोंड घासाकडं नेलं.

चाळीस वर्षं तिनं हा वास घेतला होता आणि त्याच्यामागं एक चव स्वतःच रचून ठेवली होती. ती ही नव्हती. हिच्यात काहीतरी लोखंडासारखं होतं, आणि मऊपणा असा, की दातांना काम नाही. मटणावर वाढलेल्या बाईला जेवण चावून आलेलं वाटावं, तसं. वेणूबायला दिसत नव्हतं. त्यामुळं सारजाबाईला तोंड हवं तसं करता आलं.

“कसं लागतंय?”

“वासाहून ग्वाड.”

“मी करायचे त्याची सर नाही,” वेणूबाय सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली आणि दुसरा घास पुढं केला. तो अंदाज चुकला नाही.

सारजाबाईनं अख्खा बांगडा खाल्ला. मग वेणूबायनं दुसरा मागवला, तोही खाल्ला. पडवीतून दादासाहेबांचा तृप्त ढेकर ऐकू आला. निघायची वेळ झाली तेव्हा वेणूबायनं तिचा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि हुंगला. “आता कसा माणसाचा झाला,” ती म्हणाली. “परत कधी येशील?”

“पुढल्या साली येते. हेच कर.”

परतीच्या वाटेवर जीप जिथं जिथं थांबली तिथं सारजाबाईनं माणसं मोजली. ती बरोबर भरली. हात तिनं पुढं, मांडीवर ठेवले होते.

संस्थेच्या अहवालात किनारपट्टीतील पशुधनाविषयी एक ओळ आहे आणि भोजनाविषयी दीड पान. त्याच्या शेवटी लिहिलं आहे, की मार्गदर्शक श्रीमती मदने यांचे मासळीविषयक सखोल ज्ञान व दांडगी आवड मंडळास अत्यंत उपयुक्त ठरली, सबब पुढील दौऱ्यासही त्यांचीच नेमणूक करावी.

मासळी तिला आवडली नव्हती.