आंबटढाण्याची शिदोरी

मुरबाडकडच्या त्या गावात आंब्यांना माणसांसारखी नावं होती आणि ती चवीवरून पडलेली. महिपतनं दोन लेकांची वाटणी केली तेव्हा थोरल्याकडे साखऱ्या गेला आणि धाकट्या नथूकडे आला आंबटढाण्या. वर म्हातारा म्हणाला, "सावली दोघांची सारखीच हाय." असला न्याय म्हाताऱ्यांनाच सुचतो.

त्या आंब्याची फोड तोंडात टाकली की डोळे आपोआप मिटायचे. नथूच्या बायकोचा, सकुबाईचा मात्र त्या झाडावर जीव. लेक भागी पोटात असताना तिला डोहाळे लागले ते त्याच्याच कैऱ्यांचे. नवीन नवरी असताना रडायलाही ती त्याच्याखालीच जायची, कारण नथू तेव्हा फार तुसडा होता. भाकरी हवी असली तरी तोंडानं मागायचा नाही, नुसता खाकरायचा.

लढाईच्या दिवसांत कोळशाला मागणी आली. भट्टीवाला लाकूड शोधत गावात आला आणि नथूनं त्याला झाड देऊन टाकलं.

"पोटचं पोर इकाल काय?" सकुबाई भांडली, रडली.

"पोर गोड असतं," नथू म्हणाला.

पण फळ असताना झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, ही गावची रीत. भट्टीवाला महिन्यानं येतो म्हणून गेला. सकुबाईनं सगळे आंबे उतरवून घेतले आणि माळ्यावर भाताच्या पेंढ्यात अढी घातली. ही आपली शेवटचीच अढी, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात टोकावड्याहून सांगावा आला, भागीचे दिवस भरलेत. "अढीला हात नका लावू," एवढं बजावून ती लेकीकडे गेली.

आंब्याचा वास सुटला की अढी मोडायची, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. साखऱ्याचा वास सुटला, गिरजानं, म्हणजे थोरल्या जावेनं, अढी मोडली. पोटभर खाऊन उरले ते सडले, गुरांपुढं गेले. आंबटढाण्याचाही वास सुटला. नथूनं माळ्याखाली उभं राहून नाक वर केलं. "आंबटच असनार," म्हणाला आणि कुऱ्हाडीला धार लावायला बसला.

नातवाचं बारसं उरकून सकुबाई परतली तेव्हा भट्टीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. आता तर चिखलच झाला असेल, असं म्हणत तिनं पेंढ्यात हात घातला. आंबे सुरकुतले होते, पण घट्ट होते. एक तिनं तिथंच चोखला. गोड! अगदी शेवटी जिभेला जरासा आंबट चटका, तोही हवाहवासा. तिला रडूच फुटलं. साखऱ्याला पिकायला जेवढे दिवस पुरायचे तेवढ्याच दिवसांत आजवर घरातले सगळे आंबटढाण्याचीही अढी मोडत आले होते. त्याला कुणी पुरता पिकूच दिला नव्हता.

"माझे सडले, तुझे कसे गो टिकले?" गिरजानं रस चाटत विचारलं.

"झाडावरनं उतरला का आंब्याला जेवू कोन घालतो? अंगातला आंबटच खात ऱ्हातो तो," सकुबाई म्हणाली. "तुझ्या साखऱ्याची शिदोरी लवकर सरली. माझ्याची बक्कळ व्हती."

नथूनं एक आंबा चोखला, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याला त्यानं पाटीभर आंबे दिले आणि तसाच परत पाठवला.

त्यानंतर दर साल वटपौर्णिमेला, गावातले बाकीचे आंबे संपलेले असायचे तेव्हा, सुवासिनींच्या ओटीतले आंबे सकुबाईच्या माळ्यावरून जायचे. अशाच एका वटपौर्णिमेला ओसरीवर बसून आंबा चोखता चोखता नथूनं विचारलं, "खरं सांग, तुला आदीपासनं ठावं व्हतं ना?"

"मला कुठं ठावं?" सकुबाई म्हणाली. "मी निस्ती अढी मोडली नाय. आन तुमी तरी पयल्या वर्षी कुठं गोड व्हतात?"

नथू खाकरला. मग हसला आणि तोंडानं म्हणाला, "आजून एक दे गो."